‘उदास वाटतं का?’

‘‘काकू, गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला उदास वाटतं का?’’

समोरच्या मुलीने छापील कागदावरून प्रश्न वाचला. माझ्या वहिनींनी तिच्याकडे जरा नवलाने पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘अगं, एवढी कुठली माझी पुण्याई!’’

मुलगी गोंधळली. मीही क्षणभर गोंधळलो, मग हसू आलं. वहिनींच्या घरात पोथ्यांचा राबता. दासबोध त्यांच्या कानावरून लहानपणापासून गेलेला. संतांच्या भाषेत उदास म्हणजे जो कशात गुंतत नाही तो, विरक्त. ती निंदा नव्हे, पदवी आहे. तेव्हा ‘उदास वाटतं का?’ या प्रश्नाचा त्यांना लागलेला अर्थ असा, की मायामोह सुटला आहे का? तो सुटला नव्हता. नवरा जाऊन आठ महिने झाले होते, दुपारी चारला दोन कप चहा अजून टाकला जात होता आणि मग एक कप मोरीत ओतला जात होता. मोह कुठला सुटायला! त्यांनी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हटलं. मुलीने कागदावर शून्य लिहिलं.

हा कागद बहुतेक दवाखान्यांत वापरतात. नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, बेरीज जास्तीत जास्त सत्तावीस. जगभर तपासून पाहिलेली, उपयोगी वस्तू आहे. कागदाचा दोष नव्हता. मुलीचाही फारसा नव्हता. ती पुण्यातलीच, स्वच्छ मराठी बोलणारी, चांगल्या विद्यापीठात शिकलेली. नववा प्रश्न मरणाविषयीचा असतो. तो तिने विचारला तेव्हा वहिनी म्हणाल्या, ‘‘या वयात ते कुणाला वाटत नाही? देवानं आता न्यावं, एवढंच.’’ मुलगी हसली. ‘‘माझी आजीही असंच म्हणते,’’ म्हणाली आणि तिथेही शून्य लिहिलं.

शेवटी तिने सल्ला दिला: स्वतःसाठी जगायला शिका, सुनेशी बोलताना आपल्या मर्यादा स्पष्ट ठेवा, एखादा छंद लावून घ्या. रिक्षात बसल्यावर वहिनी म्हणाल्या, ‘‘मुलगी गोड आहे हो, भाऊजी. पण पुन्हा नको.’’

ही गोष्ट २०२२ सालची. आमच्या घरात ‘पुण्याई’चा विनोद पुढे बरेच दिवस चालला. मी स्वतः तो चारचौघांत सांगितला आहे. त्यात हसण्यासारखं किती आणि न हसण्यासारखं किती, हे मला फार उशिरा कळलं.

मी काही मानसशास्त्राचा अभ्यासक नव्हे. हयात बँकेत गेली. रात्री आणि रविवारी लिहून चार-पाच कादंबऱ्या झाल्या. बँकेत ‘अनुकंपा’ हा शब्द मी शेकडो वेळा लिहिला असेन, पण त्याचा अर्थ एकच: सेवेत असताना वारलेल्या कर्मचाऱ्याच्या वारसाला द्यायची नोकरी. ‘अनुकंपा तत्त्वावर’ असा शिक्का असलेली फाइल टेबलावर आली की आम्ही वारसाचं शिक्षण, वय आणि कागदपत्रं पाहायचो. दुसऱ्याच्या थरथरण्याबरोबर आपणही थरथरणं असा त्या शब्दाचा मूळ अर्थ आहे, हे संस्कृतच्या मास्तरांनी शाळेत सांगितलं होतं. फाइलमध्ये ते कुठे बसत नव्हतं.

मानसोपचाराच्या शास्त्रात मात्र या थरथरण्याला मोठी जागा आहे. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५७ साली मांडलं, की माणूस बदलायचा तर उपचार करणाऱ्याने त्याला काही अटी न घालता स्वीकारलं पाहिजे आणि त्याचं जग त्याच्या बाजूने पाहिलं पाहिजे, आणि हे त्याच्यापर्यंत पोहोचलंही पाहिजे. पुढच्या पिढ्यांनी त्यात पुष्कळ भर घातली, वादही घातले, पण हा पाया कुणी उखडला नाही. प्रश्न उरतो तो ‘त्याच्या बाजूने’ या दोन शब्दांचा. ती बाजू कोणत्या भाषेत असते?

मराठी माणसाचं दुःख मनात क्वचित असतं. ते जीवात असतं. जीव लागत नाही, जीव घाबरा होतो, जीव टांगणीला लागतो, जीवाला घोर लागतो. नाहीतर ते अंगात असतं: छातीत धडधडतं, पोटात खड्डा पडतो, डोक्यात मुंग्या येतात, हातापायांतलं बळ जातं. आणि यातलं काहीच नसलं तर ‘करमत नाही’. या एका क्रियापदात किती दुखणी दडलेली आहेत ते पाहा. नवं लग्न झालेल्या मुलीला करमत नाही, वसतिगृहातल्या मुलाला करमत नाही, निवृत्त कारकुनाला करमत नाही. ‘नैराश्य’ हा शब्द वर्तमानपत्रातला. घरात तो कुणी बोलत नाही.

हे केवळ आपलं नाही. झिंबाब्वेतल्या शोना भाषेत एक शब्द आहे, ‘कुफुंगिसिसा’. फार विचार करत बसणं, असा त्याचा सरळ अर्थ. आपण म्हणतो ना, डोक्यात विचारांचा भुंगा शिरला, त्यातलाच प्रकार. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात डॉ. विक्रम पटेल तिथे काम करत होते. त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळलं, की पाश्चात्त्य पुस्तकांत ज्याला नैराश्य आणि चिंता म्हणतात, त्याचा बराच भाग हे लोक या शब्दातून सांगतात. म्हणजे दुखणं होतं. विचारणाऱ्याकडे शब्द नव्हता. शोना माणसांच्याच शब्दांतून त्यांनी प्रश्नावली तयार केली. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपली रोगनिदानाची नवी संहिता काढली, तिच्या परिशिष्टात हा शब्द आहे. त्याच संहितेत सोळा प्रश्नांची एक मुलाखतही दिली आहे. तिच्यात अगदी सुरुवातीलाच विचारायचं असतं, की तुमच्या घरच्यांना, मित्रांना हा त्रास तुम्ही कसा सांगाल? डॉक्टरला सांगायची भाषा वेगळी आणि बहिणीला सांगायची वेगळी, हे इतकं उघड आहे, पण संहितेत यायला २०१३ उजाडलं.

झिंबाब्वेचीच आणखी एक हकीकत. डॉ. डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञांची एक रुग्ण आत्महत्या करून गेली. ती रुग्णालयात यायची होती, पण तिच्याकडे बसभाड्याला पैसे नव्हते. चिबांडांनी त्यानंतर हरारेच्या म्बारे या गरीब वस्तीत २००६ साली चौदा आज्यांना हाताशी धरलं. त्यांना थोडं प्रशिक्षण दिलं आणि दवाखान्याच्या आवारात एक लाकडी बाक टाकला. नाव ठेवलं मानसिक आरोग्याचा बाक. कुणी बसेना! शेवटी आज्याच म्हणाल्या, हे नाव काढा, मैत्रीचा बाक म्हणा. मग लोक बसू लागले. आजी काय करते? ऐकते, मन मोकळं करायला लावते, शंभर काळज्यांतली एक निवडायला सांगते आणि त्या एकीवर दोघं मिळून उपाय शोधतात. या बाकाची रीतसर शास्त्रीय चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१६ साली अमेरिकेच्या वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात छापून आले, आणि बाकावर बसलेल्यांचा त्रास नेहमीच्या उपचारापेक्षा स्पष्ट कमी झालेला दिसला.

पटेल तोवर गोव्यात आले होते. तिथे १९९६ साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर ‘संगाथ’ ही संस्था स्थापन केली. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांवर अंगदुखी, थकवा, झोप नाही असं सांगत येणाऱ्या माणसांशी, पदवी-बिदवी नसलेल्या पण नीट शिकवलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ वेळा बोलायचं, असा एक प्रयोग झाला. त्याचेही निष्कर्ष चांगले आले. पुढे हाच विचार विदर्भात पोहोचला. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम चालला. नावाच्या इंग्रजी विस्तारात ‘ताण’ आहे, ‘मनोविकार’ नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. वेड्यांच्या डॉक्टरकडे कुणी जाणार नाही, टेन्शनसाठी कुणीही जाईल. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोहोचणारे आधी शंभरात जेमतेम चार होते, दीड वर्षात ते सत्तावीसवर गेले. २०१७ साली हे आकडे प्रसिद्ध झाले तेव्हा मी ते दोनदा वाचले. अमरावती जिल्ह्याशी माझा जुना हिशेब आहे.

२००६ च्या उन्हाळ्यात मी त्या जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. बँकेचं नाव सांगत नाही, कुठलीही असती तरी हेच घडलं असतं. मे महिना, थकबाकीच्या याद्या, वरून रोज फोन. एका दुपारी एक शेतकरी आला. पंचेचाळिशीचा असेल. पीककर्ज दोन वर्षं थकलेलं. नवं-जुनं करून मिळेल का, एवढं विचारायला आला होता. नियमात बसत नव्हतं. मी तसं सांगितलं. तो उठला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, ‘‘झोप येऊन नाही राहिली, सायेब. डोकं काम करून नाही राहिलं. आता आपलं काई खरं नाई.’’

मी सातारकडचा. वऱ्हाडीतलं ते ‘येऊन नाही राहिली’ ऐकलं की आम्हा देशावरच्या लोकांना गंमत वाटते. शाखेत बदलून आलेले आम्ही दोघं-तिघं एकमेकांशी मुद्दाम तसं बोलून हसायचो. त्या दिवशीही मला आधी ते शब्द ऐकू आले, मग माणूस. ‘आपलं काही खरं नाही’ हे तर आपण सगळेच दिवसातून दहा वेळा म्हणतो. परीक्षेच्या आधी म्हणतो, बायको रागावली की म्हणतो. मी म्हटलं, ‘‘अहो, यंदा कुणाचंच काही खरं नाही.’’ त्याला धीर दिला अशी माझी समजूत. तो ‘हो’ म्हणाला, नमस्कार करून गेला. मी फाइलला टिपण जोडलं: ‘सदर खातेदार समक्ष भेटले. मुदतवाढ नियमात बसत नसल्याचे त्यांना समजावून सांगितले.’

तिसऱ्या दिवशी त्याला जिल्ह्याच्या रुग्णालयात हलवल्याचं शिपायाने सांगितलं. वाचला. त्याचा मोठा मुलगा वेळेवर घरी आला म्हणून वाचला. जुलैच्या पहिल्या तारखेला पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, थकीत कर्जावरचं व्याज माफ झालं. त्याच्या खात्यावरची ती नोंद माझ्याच सहीने झाली आहे.

त्या टिपणातला शब्दन् शब्द खरा होता. चौकशी झाली असती तर माझ्यावर काही आलं नसतं. चौकशी झालीच नाही.

आता मी मानसोपचारतज्ज्ञ नव्हतो, हे कबूल. पण इथे सांगायचं ते वेगळंच आहे. हल्ली सांस्कृतिक जाण हा शब्द समुपदेशनाच्या शिबिरांतून फार ऐकू येतो. तिचा अर्थ पुष्कळदा असा घेतला जातो, की आपल्या माणसांना आपला माणूस द्या, म्हणजे झालं. मी त्या शेतकऱ्याचा आपलाच माणूस होतो. मराठी बोलणारा, शेतकऱ्याच्या घरातला. परका असतो तर विचारलं असतं, ‘खरं नाही म्हणजे काय?’ वहिनींच्या समोरची मुलगीही परकी नव्हती. ‘उदास’ तिला कळला नाही, ही साधी चूक. ‘देवानं न्यावं’ हे तिला कळल्यासारखं वाटलं, ही मोठी चूक. माझ्यासारखीच. आपल्या भाषेतले वाक्प्रचार इतके घासलेले असतात, की त्यांच्या आत माणूस बसला असेल याची शंकाही येत नाही.

दुसरीही एक भीती आहे. संस्कृतीच्या नावाखाली अन्याय खपवण्याची. आमचा एक सहकारी बढती मिळाल्यावर वर्षभर टोमणे ऐकत होता, कुणामुळे मिळाली, कशामुळे मिळाली. त्याला झोप येईना. तो शहरातल्या एका समुपदेशकाकडे गेला. तिथे त्याला सांगण्यात आलं, की लोक काय म्हणतात याला तुम्ही फार किंमत देता, हा अविवेकी विचार आहे. अपमान रोज खराखुरा होत होता, सही करताना, डबा खाताना. तो विचारातला दोष कसा? पण समोरच्याने दारावरची पाटी वाचलेली असते आणि पाटीवरच्या माणसाने केसपेपरवरचं आडनाव. दोघंही त्याबद्दल अक्षर काढत नाहीत आणि तासाची फी वसूल होते. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला ‘आपल्याकडे थोडं जुळवून घ्यावंच लागतं’ असं सांगणारे समुपदेशकही मी पाहिले आहेत. त्याला सांस्कृतिक जाण म्हणायचं असेल तर ती नसलेली बरी.

आणि कुटुंबाचं काय करायचं? बंद दार, दोन खुर्च्या, हे पाश्चात्त्य चित्र. आपल्याकडे अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहायला जागा दिली. आजारी माणूस घरच्यांसह बरा होऊ लागला. त्या काळात हे धाडसच होतं. पण घर जसं औषध असतं तसं कधी कधी दुखण्याचं मूळही असतं. पहिल्या दवाखान्यात वहिनींच्या शेजारी मला बसवलं होतं. दिराच्या देखत कोणती बाई नवऱ्याबद्दल खरं बोलेल? हे ना त्या मुलीच्या लक्षात आलं, ना माझ्या.

या वर्षी मार्चमध्ये वहिनींचं जेवण फार कमी झालं तेव्हा त्यांना दुसऱ्या एका बाईंकडे नेलं. पन्नाशीच्या, साध्या. त्यांनी आधी मला बाहेर बसायला सांगितलं. पुढे आत काय झालं ते त्यांनी मला सांगितलेलं नाही. वहिनींनीच सांगितलं आणि लिहायला परवानगीही दिली, दोन अटींवर: नाव नको आणि लाडवांचा उल्लेख हवा.

वहिनी त्यांनाही म्हणाल्या, देवानं आता न्यावं. बाईंनी लिहिणं थांबवून विचारलं, ‘‘हे तुम्ही नेहमी म्हणता, की हल्ली म्हणायला लागलात?’’ वहिनी गप्प. मग त्यांनी सरळच विचारलं, ‘‘झोपेत शांतपणे जावं असं वाटतं, की स्वतःच काही करून घ्यावं असंही मनात येतं?’’ आपल्याला वाटतं, असं विचारलं तर नको तो विचार डोक्यात भरेल. अभ्यासकांचं सांगणं उलट आहे, विचारल्याने तो वाढत नाही, बोलायला वाट मात्र मिळते. वहिनी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग जे बोलल्या ते इथे लिहीत नाही, त्यांनीही मला सगळं सांगितलेलं नाही. एवढं सांगतो, की पहिल्या कागदावरचं ते शून्य, शून्य नव्हतं. औषधासाठी बाईंनी त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडेही पाठवलं. रात्री-अपरात्री जीव घाबरला तर १४४१६ हा सरकारी ‘टेलिमानस’चा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून दिला. मराठीत बोलता येतं तिथे.

पुतण्या महिनाभराने बाईंना भेटायला गेला. आई आत काय बोलते, असं विचारलं. त्यांनी सांगायला नकार दिला. तो चिडून माझ्याकडे आला, ‘‘काका, फी मी भरतो, आणि मलाच सांगत नाहीत!’’ मी म्हटलं, ‘‘अरे, बँकेत रुजू होताना गुप्ततेच्या प्रतिज्ञापत्रावर आमची सही घेतात. नवऱ्याच्या खात्यात किती शिल्लक आहे हे बायकोलाही सांगता येत नाही. पैशाची एवढी पत, आणि तुझ्या आईच्या दुःखाची नाही?’’ २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने हा हक्क लिहूनच दिला आहे. जीवाला धोका असेल तर अपवाद आहे. तोही बाईंनी वहिनींना पहिल्याच दिवशी समजावून सांगितला होता: कोणती गोष्ट माझ्याकडेच राहील आणि कोणती मला मुलाला सांगावी लागेल. पुतण्या त्यावर काही बोलला नाही. पटलं की नाही, ठाऊक नाही.

आता लाडू. पाचव्या-सहाव्या भेटीला वहिनी बेसनाचे लाडू घेऊन गेल्या. या व्यवसायात रुग्णाकडून भेटी घेण्याबाबत फार सावध असावं लागतं. सोन्याची अंगठी असती तर प्रश्न नव्हता, सरळ परत. पण लाडवांचा डबा परत करणं म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगायला नको. बाईंनी डबा उघडला, एक लाडू तिथेच खाल्ला, बाकीचे बाहेरच्या मुलींना वाटले. पुढच्या गुरुवारी डबा परत आला. रिकामा नव्हता, आत चार चमचे साखर होती.

वहिनींनी विचारलं म्हणे, ‘‘हे तुमच्या नियमात बसतं का हो?’’ बाई म्हणाल्या, ‘‘ज्यांच्याकडे मी माझं काम तपासून घेते, त्यांना सांगून ठेवलं आहे. पण यापुढे दर वेळी नको.’’

वहिनींनी हो म्हटलं आहे. परवा मात्र त्यांनी माझ्याकडून दोन किलो चणाडाळ मागवून घेतली.